चेक-चेक बाबजी

बाबजी राव फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसे. "चेक, चेक, वन टू," म्हणे, आणि समोरचा बोलायला लागला की तोंडाने धुक्-च्-धुक् असा ताल धरी. एका बाईंनी मुलीची जन्मवेळ सांगायला फोन केला, तेव्हा लाइन बिघडली असं समजून त्यांनी तीनदा ठेवून दिला.

मी मूळचाच संशयी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढली, त्यातली अकरा सोलापुरात. बाळबोध लिपी वाचता-लिहिता येते ती तिथलीच कमाई. वर 'लोणचं' लिहिलेल्या डब्यात काय काय निघतं हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे बाबजीच्या दुकानावरच्या 'कम्प्युटर पत्रिका' या पाटीवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

नव्वदनंतरची ती वर्षं. तंजावुरात, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, आज केबल आली, उद्या एसटीडी बूथ, असं चाललं होतं. त्यातच एके दिवशी बाबजी मद्रासहून परत आला. अंगात दोन माणसं मावतील अशी पँट, डोक्यावर उलटी टोपी, आणि टेम्पोत गादीवर निजवलेले दोन कम्प्युटर.

मद्रासला तो गायक होता. गायक म्हणजे रॅपवाला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटं तो पुढे येई आणि ठेक्यावर भराभर बोले. तमिळ, इंग्रजी, आणि अडलं तिथे आमची घरची मराठी. मद्रासच्या पोरांना ती मराठी अमेरिकन वाटे. एक कॅसेटही निघाली होती. कव्हरवर बाबजी, गळ्यात जाड साखळी. ती पितळेची होती, मी हातात घेऊन पाहिली आहे.

त्याचे वडील नानाराव मास्तर आमच्याच गल्लीत राहत. गणिताचे मास्तर. त्यांनी सात वर्षं दर शनिवारी पोराला बसने तिरुवैयारूला शास्त्रीय गाणं शिकायला नेलं आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसून पेपर तपासले. पुढे पापनाशमला एका नातलगाकडच्या लग्नात मास्तर जेवत असताना मांडवात ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि समोर उभा राहिला तो बाबजी. मास्तर भरल्या पानावरून उठले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं आणि मास्तरांच्या तोंडी मुलाचं नाव येईनासं झालं. बाबजी गावात परतला तरी घरी गेला नाही, दुकानाच्या वरच्या खोलीत राहिला. मद्रास सोडून तो याच गल्लीच्या तोंडाशी कशाला येऊन बसला, हे कुणालाच उमगेना.

एका संध्याकाळी मास्तर मला म्हणाले, "व्यंकट, तो काय करतो तें जरा बघून ये. मला सांगूं नको. पण बघून ये."

मी गेलो. चपला बाहेर काढायला लावल्या. आत एसी, कम्प्युटरला गंध-कुंकू, आणि प्रिंटर किरकिरत होता त्याच्या ठेक्यावर बाबजी कुणाची तरी पत्रिका म्हणत होता. गुरू पंचमात, शनी सप्तमात, धुक्-च्-धुक्.

"गाणं कां सोडलंस?" मी विचारलं.

"ऑर्केस्ट्रांत तालाचं यंत्र आलं, मामा. तें बिघडलं कीं मींच दुरुस्त करत होतों. मग बघितलों, माझ्यापेक्षां यंत्राला जास्ती बोलावणीं. सरि, बरं तर, म्हटलों, आपण यंत्राच्या बाजूला जाऊं."

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

मग त्याने एक यादी करायला घेतली. तंजावूर, कुंभकोणम, मद्रास, बंगळूर, जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत त्यांची सगळी नाती कम्प्युटरमध्ये घालायची आणि लग्नं जुळवायची. घरोघर फॉर्म वाटले. तमिळ अक्षरांत, कारण आमच्याकडे मराठी बोलतात सगळे, वाचतात मोजके. गोत्र, आईवडील, मुलं, मामा, आणि खाली सही. "एवढी माहिती हवी कुणाला?" असं मी दारोदार सांगत फिरलो. लोकांनी माझं ऐकून घेतलं आणि फॉर्म भरले. मास्तरांनीही भरला. दुसऱ्या कुणी चुकीची माहिती देऊ नये म्हणून, असं म्हणाले. पाकीट डिंकाने चिकटवून माझ्याच हाती दिलं आणि मी ते दुकानात नेऊन टाकलं.

तो प्रोग्रॅम अमेरिकेतल्या कुणा मित्राने पाठवलेला. अमेरिकेच्या हिशेबाने एका माणसाला वंशवृक्षावर एकच जागा. माझ्या घराचा फॉर्म घातला आणि कम्प्युटर बसला. आमच्यात मामाशी लग्न होतं. माझी बायको सगुणा ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. म्हणजे तिचा नवरा व्यंकटराव आणि मामाही व्यंकटराव, आणि माझी अक्का तीच माझी सासू. यंत्र माझं नाव घेऊन गोल गोल फिरायला लागलं. मग शेजारचं घर घातलं, तिथेही तेच. अख्खी गल्ली यंत्राने नाकारली.

"अमेरिकेला मामा कळत नाहीं, मामा," बाबजी म्हणाला, आणि तीन आठवडे दाढी न करता बसला. शेवटी त्याने प्रोग्रॅम उलटापालटा करून असं केलं की एक माणूस हव्या तितक्या ठिकाणी बसू शकेल. सगुणाने त्याला डबाभर मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडच्या चकल्या, पाठवले. मला मात्र वाटलं, एवढी मेहनत कुणी फुकट करत नाही.

आणि झालंही तसंच. एके दिवशी मद्रासची गाडी आली. टाय लावलेले दोघे तासभर दुकानात बसले. गल्लीत बातमी पसरली की त्यांना आपली यादी विकत हवी आहे, मुलींच्या नावांसकट. मी तडक गेलो.

"आमच्या गल्लीचे कागद परत दे," मी म्हटलं.

"ते आले तसे गेले, मामा. नाहीं म्हटलों त्यांना." त्याने छापलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तरी तुम्हीं बघून घ्या. तुमची गल्ली वरतीच आहे."

मी एकेक कागद तपासायला बसलो. माझा बरोबर होता, मी दोन ठिकाणी होतो. चौथा कागद मास्तरांचा. वडील नानाराव, आई कैलासवासी. अपत्ये: एक मुलगी, बंगळूर.

मी पुन्हा वाचलं. मुलगा नव्हता. कागदाच्या अगदी तळाशी, जिथे प्रत्येक घराच्या कागदावर असते तिथे, बारीक ओळ होती. माहिती गोळा करणारा: एन. बाबजी राव.

हे टाइप त्यानेच केलं होतं. बापाचं अक्षर समोर ठेवून, एकेक बटण दाबून.

"अरे, यंत्र तुझं," मी म्हटलं. "एक ओळ घालायला कोण अडवतंय?"

"सही आप्पांची आहे, मामा. त्यांनीं लिहिलं तेंच घालायचं. सगळ्यांचं तसंच घातलों." पहिल्यांदाच तो कुठलाही ताल न धरता बोलत होता. मग त्याने विचारलं, "आप्पांचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? सकाळीं इथून जातात तेव्हां डावा पाय ओढतात."

तो गल्लीच्या तोंडाशी कशाला येऊन बसला होता, ते मला त्या क्षणी कळलं. मला माझी लाज वाटली. वर्षभर मी या पोराच्या खिशात चोर शोधत होतो.

तो कागद मागून घेतला आणि मास्तरांकडे गेलो. सांगू नको म्हणाले होते, म्हणून काही न बोलता पुढे ठेवला. त्यांनी गणित तपासावं तसं वरपासून बोट फिरवलं. बोट तळाच्या ओळीशी येऊन थांबलं. आमच्याकडे नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात.

"एन घालतो अजून," मास्तर म्हणाले.

आत कुकरची शिट्टी झाली, ती त्यांना ऐकू आली नाही.

"हें खालचं नांव वर न्यायचं झालं, तर नवा फॉर्म लागतो काय रे?"

"नाहीं लागत, मास्तर. तोंडी सांगितलं तरी चालतं."

"तोंडीच कठीण," ते म्हणाले. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूं बरोबर येतोस काय?"