केंजळे बाईंच्या सत्कारी जाहलेल्या फजितीची हकीकत

श्री. आधी फळा पुसला, मग शारदेस नमस्कार केला, मग खडू शोधला, तो सापडेना तेव्हा लेखणी घेतली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास, ते समयी एक राज्य होते. राज्य म्हणजे तीन मजल्यांची शाळा, पुढे मैदान, मैदानात एक बदामाचे झाड आणि सव्वीस वर्गांची प्रजा. गादीवर मुख्याध्यापक रणवरे महाराज विराजमान होते. महाराज मोठे दयाळू, परिपाठास उभे राहिले म्हणजे पाऊण तास बोलत, आणि उन्हाने दोन-चार मुले मटकन खाली बसत, तरी प्रजेचा लोभ कमी होत नसे. त्यांच्या पदरी एकतीस गुरुजन, आणि त्या एकतिसांत गणिताचे शिक्षक व वेळापत्रकाचे कारभारी आम्ही, ही हकीकत लिहिणार. आमचे नाव येथे घालीत नाही. पुढे जे घडले ते वाचून कोणीही म्हणेल की घातले नाही तेच बरे केले.

संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु राज्यावर कोप जाहला तो सर्दीचा. रोज दोन-तीन गुरुजन अंथरुणास खिळत, आणि जे खिळत नसत ते खिळल्याचा निरोप धाडीत. आमचा कारभार ऐसा की प्रातःकाळी शिक्षक खोलीतल्या फळ्यावर जे गैरहजर त्यांची नावे लिहावी, नावापुढे वर्ग आणि तास लिहावे, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या जागी कोण जाणार ते लिहावे. त्या शेवटच्या रकान्यात आम्ही तीन वर्षे एकच शब्द लिहीत आलो, तो म्हणजे 'बदली'. आणि ती बदली म्हणजे केंजळे बाई. येणेप्रमाणे जो घरी पांघरूण घेऊन पडला त्याचे नाव ठळक अक्षरात फळ्यावर झळके, आणि जी त्याचे काम करी तिला नाव नसे, आणि यात काही वावगे आहे ऐसे राज्यात कोणाच्या ध्यानी आले नाही, आमच्या तर मुळीच नाही.

केंजळे बाई चाळिशीच्या आसपासच्या, खांद्यास कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा डस्टर. पहिल्या तासाला संस्कृत, तिसऱ्याला भूगोल, पाचव्याला चित्रकला, आणि शेवटच्या तासाला शिट्टी घेऊन मैदानावर, ऐसा त्यांचा दिवस. शिक्षक खोलीत त्यांस खुर्ची नव्हती. जो गैरहजर त्याच्या खुर्चीवर बसावे, हा शिरस्ता. एकदा सर्वच गुरुजन हजर जाहले, ऐसे तीन वर्षांत दोनदा घडले, तेव्हा बाई खिडकीशी पृथ्वीचे गोल ठेवतात त्या कट्ट्यावर गोलांच्या मध्ये बसून होत्या. कोणाचा तास घेतला म्हणजे बाई त्याच्या टेबलाच्या खणात चिठ्ठी ठेवीत, की अमुक वर्ग, अमुक धडा, इथवर जाहला, अमक्या तमक्यास समजला नाही, पुन्हा घ्यावा. आता आमची पाठ दुखते. मागल्या वर्षी अकरा वेळा दुखली, पैकी सात वेळा सोमवारी. त्यामुळे आमच्या खणात चिठ्ठ्या पुष्कळ साचल्या, आणि कागद जाड होता म्हणून आम्ही त्या चहाच्या कपाखाली ठेवीत असू.

ऐसे सुखाचे दिवस चालले असता सोपान मामा शिपाई एके दिवशी चहा घेऊन आले आणि कप ठेवून तिथेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, केंजळे बाईंस्नी नदीपल्याडच्या शाळेचं बोलावणं आलंया. कायमची जागा हाय. सोमवारी जाऊन जबाब द्यायचा हाय. जातील बघा त्या. आन का जाऊ नये? हितं त्यांस्नी कोण इचारतंय?"

हे ऐकताच आमच्या हातचा चहा चिठ्ठीवर सांडला. माघ महिना तोंडावर आला, दहावीच्या परीक्षेच्या कामी निम्मे गुरुजन जाणार, मागे निम्मे वर्ग मोकळे. त्यात सातवी ब हा वर्ग ऐसा की तिथे आजवर चार गुरुजनांचे आवाज बसले, आणि तो शांत बसे फक्त केंजळे बाईंपुढे. त्या मुलांस अपूर्णांक येऊ लागले होते तेही बाईंमुळे. शिकविणार कागदोपत्री आम्ही. राज्याचे काय होईल ऐसे आम्ही महाराजांस तोंडाने म्हणालो, पण मनात पाठीचाच विचार होता, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

मग महाराजांनी खलबत बोलाविले. या राज्यात कोणाचे काही दुखले खुपले म्हणजे त्याचा सत्कार करण्याची वहिवाट आहे, तेव्हा सत्कार करावा हे एका मिनिटात ठरले, आणि शालीचा रंग ठरण्यास तीन बैठका लागल्या. चित्रकलेच्या पाध्ये बाई मोरपंखी म्हणाल्या, महाराज विटकरी म्हणाले, आणि आम्ही दोघांसही होय म्हणालो. सोपान मामा मध्येच बोलले की बाईंस्नीच इचारा की काय पाहिजे ते, तेव्हा त्यांस आणखी चहा आणण्यास धाडले. मानपत्र लिहिण्याची कामगिरी आम्हांकडे आली. बेचाळीस ओळी लिहिल्या, पैकी सतरा ओळी राज्याच्या गुणग्राहकतेविषयी होत्या. आणि बाईंस आधी काही कळू द्यावयाचे नाही, ऐन वेळी चकित करावयाचे, ही युक्तीदेखील आमचीच.

पौष वद्य पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार, सकाळची शाळा. दुसऱ्या तासाला सभागृहात सोहळा. सतरंज्या घातल्या, समई लाविली, संस्थेचे अध्यक्ष वेळेवर आले, त्यांस पुढे आणखी दोन सत्कार होते म्हणून ते उभ्या उभ्याच बसले ऐसे दिसत होते. ईशस्तवन जाहले, स्वागतगीत जाहले, स्वागतगीत पुन्हा जाहले कारण पेटी मागे राहिली होती. मग पाध्ये बाईंनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन पुकारा केला की केंजळे बाईंनी व्यासपीठावर यावे, आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. कोणी आले नाही. पुन्हा पुकारा केला, पुन्हा टाळ्या जाहल्या, त्या जरा कमी. महाराज आमच्या कानाशी वाकले आणि विचारते जाहले, "बाई कुठे आहेत?"

तेव्हा आम्हांस सकाळ आठवली. आपण सोहळ्याच्या धावपळीत असणार म्हणून आम्ही फळ्यावर गैरहजरांच्या रकान्यात स्वतःचेच नाव लिहिले होते, पुढे सातवी ब, दुसरा तास, आणि शेवटच्या रकान्यात हाताने तीन वर्षांच्या सवयीने जे लिहावयाचे ते लिहिले होते.

"महाराज, त्या सातवी ब वर आहेत."

"कोणाच्या तासाला?"

"माझ्या," आम्ही म्हणालो.

महाराजांनी डोळे मिटले. इकडे अध्यक्ष घड्याळ पाहू लागले आणि शाल घेऊन उभे राहिले, आणि शाल ज्याच्या खांद्यावर घालावयाची तो खांदा नाही. मग महाराजांनी आज्ञा केली की बाईंच्या जागी तुम्ही बसा. आम्ही बसलो. शाल आमच्या खांद्यावर पडली, नारळ ओंजळीत आला, गुच्छ आला, आणि पाध्ये बाईंनी आमच्याच हातचे मानपत्र आम्हांस वाचून दाखविले. आपण अहोरात्र झिजता, आपण राज्याचा कणा आहात, ऐसे ऐकता ऐकता, खोटे कशास सांगावे, आमचे डोळे भरून आले. छायाचित्रही निघाले आणि ते पुढे संस्थेच्या अहवालात छापून आले, खाली केंजळे बाईंचे नाव आणि वर आमचे तोंड.

अध्यक्ष गेले, तेव्हा आम्ही तसेच शालीसकट, नारळासकट जिना चढून सातवी ब वर गेलो. बाईंनी फळ्यावर भाकरी काढली होती आणि मुलांस विचारीत होत्या की अर्ध्या भाकरीत चतकोर किती, आणि मागल्या बाकावरून एकदम सात-आठ हात वर गेले होते. आमच्या तासाला ऐसे हात आम्ही पाहिले नव्हते. पहिल्या बाकावरची एक मुलगी आम्हांस पाहून आदराने उभी राहिली आणि पाठ बरी आहे का ऐसे विचारती जाहली.

"बाई, तुमचा सत्कार होता," आम्ही म्हणालो.

"केव्हा?"

"आत्ताच. झाला."

बाईंनी शालीकडे पाहिले, नारळाकडे पाहिले. आम्हांस वाटले आता रागावतील, रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं राहिलीत, सर. यांना आत्ता कुठे कळायला लागलंय. तेवढं होऊ दे." मग आम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि दहा मिनिटे अपूर्णांक शिकलो.

घंटा जाहल्यावर शाल पुढे केली, ती बाईंनी परत आमच्याच खांद्यावर नीट बसविली आणि म्हणाल्या, "राहू दे, तुमची पाठ दुखते. मला एक चिठ्ठी मिळाली असती तरी पुरलं असतं."

"कसली चिठ्ठी?"

"कुठवर शिकवलंय त्याची. तीन वर्षं मी वर्गात शिरते आणि पोरांनाच विचारते, काय चाललंय म्हणून. या सातवी बनं मला एकच धडा चारदा शिकवायला लावला, सर. दर वेळी म्हणायची, हा झालाच नाही." इतके बोलून बाई हसल्या आणि पुढल्या तासाला गेल्या. आम्ही नारळ घेऊन जिना उतरलो. लाज वाटली, ती येथे लिहून ठेवतो.

इंदुवारी, म्हणजे सोमवारी, सकाळी आमच्या टेबलावर रजेचा अर्ज होता. तीन वर्षांतला बाईंचा पहिला. खाली सही होती, सुलभा केंजळे. बाईंचे नाव सुलभा हे आम्हांस त्या अर्जावरून कळले. मग खडू घेऊन गैरहजरांच्या रकान्यात लिहिले, सुलभा केंजळे, एक दिवस, आणि तेव्हा ध्यानी आले की हे नाव आज या फळ्यावर पहिल्यांदा आले, तेही बाई नाहीत म्हणून. त्या दिवशी आणखी चार गुरुजन सर्दीने घरी होते. शेवटच्या रकान्याशी हात गेला, पण बदलीच रजेवर, तेव्हा लिहावे काय? आम्ही मागे वळून पाहिले तों एकूण एक गुरुजन खिडकीबाहेर बदामाचे झाड पाहण्यात गढले होते. मग आम्ही आमचे नाव लिहिले.

ती मोहीम फार वर्णावी ऐसी नाही. पाचवी अ मध्ये हिंदी घेतले, तिथे मुलांनी सांगितले की आमचे पुस्तक संपले आहे, ते आम्ही खरे मानले. आठवी क ला भूगोलात आम्ही नदी डोंगरावर चढविली. सातवी ब मध्ये मात्र टेबलाच्या खणात जाड कागदाची चिठ्ठी होती, 'जे कोणी येतील त्यांस' ऐसा मायना, भागाकार इथवर जाहला, पुढली उदाहरणे ही, आणि खिडकीजवळच्या मुलीस फळा दिसत नाही, तिला पुढे बसवावे. त्या मुलीस आम्ही दोन वर्षे शिकवीत होतो. तिला पुढे बसविले.

शाळा सुटेतों आमचा आवाज बसला होता, तेव्हा बोलणे सोडून आयुष्यातली पहिली चिठ्ठी लिहावयास घेतली. सहा कागद फाडले, सातवा साधला. मग ती बाईंच्या खणात ठेवावी म्हणून उठलो, आणि शिक्षक खोलीच्या मध्यावर चिठ्ठी हाती धरून उभे राहिलो. बाईंस खण नव्हता. टेबलच नव्हते. शेवटी आमचा वरचा खण रिकामा केला, आतल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, एकेकीवर कपाचे गोल उमटलेले, त्या पुसून एकावर एक लावल्या, आणि खणात आमची चिठ्ठी ठेवून किल्ली सोपान मामांकडे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांनी कोठीतून एक खुर्ची झटकून आणून त्या खणाशी ठेवली.

त्याच मंगळवारी बाई आल्या, मामांनी किल्ली दिली, बाईंनी खण उघडला. चिठ्ठी उघडून उभ्यानेच वाचली, मग पिशवीतून लाल पेन काढून एका ठिकाणी खूण केली, कारण अर्धे भागिले चतकोर याचे उत्तर आम्ही एक अष्टमांश लिहिले होते. खूण करून चिठ्ठीची घडी घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. आम्ही विचारले, पलीकडे काय जबाब दिला?

"मी हो म्हणाले, सर. कायमची जागा आहे, सोडवत नाही. पण जूनपासून येते म्हणून सांगितलं. तोवर सातवी बचं पुरं करते."

आम्ही बरे म्हणालो. बाई फळ्याशी गेल्या. त्या दिवशी एकट्या पाध्ये बाई गैरहजर होत्या, आणि शेवटच्या रकान्यात आम्ही पूर्ण नाव लिहिले होते. बाई त्यापुढे जरा वेळ थांबल्या, मग खडू घेऊन वर्गावर गेल्या.

सारांश ऐसा की सत्कार जाहला आणि बाई गेल्या. शाल आमच्याकडे आहे, थंडीत पाठीस उपयोगी पडते, पांघरताना लाज वाटते आणि तरी पांघरतो. जूनमध्ये बाईंच्या जागी वाघचवरे म्हणून नवे गृहस्थ आले, त्यांस पहिल्या दिवशीच खुर्ची, खण, फळ्यावर नाव आणि एकतीस टेबलांच्या एकतीस चिठ्ठ्या मिळाल्या. ते चकित होऊन विचारते जाहले की या राज्यात ही रीत कोणी घातली, आणि आम्ही छाती पुढे काढून काही बोलणार होतो, तों पाठीत कळ आली. मग नाव सांगितले, सुलभा केंजळे. या लेखनात जे चुकले ते आमचे, त्यास बदली नाही.