चिंधूकाकांचे आसन

एका जंगलात, मुलांनो, वणवे लागत असत. म्हणून तिथे वणव्याची गाडी होती. मागे पाण्याची टाकी, पुढे चालकाची बैठक.

गाडी चालवायचे चिंधूकाका अस्वल. पाण्याचा पाइप धरायची गिरजा रानडुकरीण.

बैठक मात्र वानराच्या मापाची होती. कारण उद्घाटनाच्या दिवशी तिच्यावर अधीक्षक वानरसाहेब बसणार होते. ते बसले, टाळ्या झाल्या, ते उतरले. त्यानंतर अकरा वर्षे चिंधूकाका बसले.

गुडघे छातीला टेकत. वाटेतला प्रत्येक दगड थेट मणक्यात शिरे. फेरी संपली की गिरजा त्यांना काखेत हात घालून उतरवी.

“काका, एक दिवस तुम्हाला खरवडून काढावं लागंल.”

“काढ. आधी आग विझव, मग काढ.”

शेवटी तिने त्यांना बळेच अर्ज करायला लावला. लिहायला पोपट बसला.

“लिही,” चिंधूकाका म्हणाले, “शीट बदलून द्या.”

पोपट शिकलेला होता. असला शब्द त्याच्या चोचीला चालेना. त्याने शुद्ध लिहिले : ‘सध्याचे आसन पाठीस त्रासदायक आहे. तरी योग्य आसन मिळावे.’

आठव्या दिवशी कार्यालयाकडून बगळेगुरुजी आले. तळ्याकाठी एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, “भुजंगासन. रोज सकाळी, उपाशीपोटी.”

“अहो, शीट पायजे, शीट! बसायला!” गिरजा ओरडली.

“बाई, बसण्याची ओढ हेच दुःखाचं मूळ.”

अर्जावर शेरा पडला : ‘आसन पुरवले. निकाली.’

पोपटाने दुसरा अर्ज लिहिला : ‘हे आसन उपयोगी नाही. दुसरे द्यावे.’ वानरसाहेबांना मागणी रास्त वाटली. गुरुजी पुन्हा आले. त्यांनी चिंधूकाकांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

“मग शवासन घ्या. ते सगळ्यांना जमतं.”

फाल्गुनात सागाच्या रानात वणवा पेटला. आत चितळाची दोन पाडसे अडकली होती. चिंधूकाकांनी गाडी आगीच्या तोंडाशी नेली. गिरजेने पाडसे बाहेर काढली. तेवढ्यात वारा फिरला आणि एक जळता साग गाडीच्या मागे आडवा पडला. आता पळायचे ते पायांनीच.

“काका, उतरा!”

चिंधूकाका उठू लागले. कंबर धरली ती धरलीच. गिरजेने दोनदा ओढले. ते जागचे हलले नाहीत.

“पाडसं घे,” ते म्हणाले. “हो पुढं.”

ती पाडसे घेऊन पुढे झाली. परत वळली तेव्हा परतायला वाट नव्हती.

तिसऱ्या दिवशी शोकसभा झाली. वानरसाहेबांनी भाषण केले.

“चिंधूजींनी अखेरच्या क्षणापर्यंत आपलं आसन सोडलं नाही!”

“सोडलं नाही?” गिरजा म्हणाली. “उठता येत नव्हतं त्यांना, साहेब.”

“गिरजाबाई, आता दोन मिनिटं उभं राहायचं असतं. बोलायचं नसतं.”

सगळे उभे राहिले. बगळेगुरुजी सवयीप्रमाणे एका पायावर.

पुढच्या आठवड्यात गाडी दुरुस्त झाली. बैठक जळली होती. ती जुन्या मापाप्रमाणे हुबेहूब नवी करण्यात आली. चालक म्हणून गवा रुजू झाला.

तात्पर्य : मुलांनो, दुखणे अंगावर काढावे. वर कळवले, तर त्यावर उपाय होतात.