समजलं, का नुसतं ऐकलं?

गजभिये सरांच्या घरी चहा नुसता मिळत नाही. "साखर दोन चमचे आहे, आलं जरा जास्त झालं, ॲसिडिटी होऊ शकते. घेता काय?" आपण मान हलवली की सरांच्या भिवया वर जातात. "समजलं, का नुसतं ऐकलं? तुमच्या शब्दांत सांगा." मग साखर, आलं, ॲसिडिटी असं सगळं परत म्हणून दाखवायचं. तोवर चहावर साय धरते.

दारव्ह्याला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. सुशीलावहिनी गेल्यापासून सर एकटेच. यवतमाळच्या लॉ कॉलेजात ते वैद्यकीय कायदा शिकवायचे. डॉक्टरनं रोग्यापासून काय लपवू नये, यावर त्यांचा उशीएवढा जाड प्रबंध आहे आणि दूरदूरचे डॉक्टर पत्रं पाठवून त्यांना शंका विचारत. गावात मात्र त्यांचं नाव झालं ते जीपमुळे. बोरी अरबला जाताना त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "आणखी किती बसवता?"

"चारच, सर."

वाटेत पाचवा चढला, तसे सर उतरले. "माही संमती चारची होती. संमती केव्हाही परत घेता येते," म्हणाले आणि निघाले पायी. ड्रायव्हर बिचारा हात जोडत, जीप रांगवत मागे. आत कोंबलेल्या आम्हा सगळ्यांचा वैद्यकीय कायदा त्या दिवशी पाठ झाला.

मी सरांच्या नकला करायचो. आईचा पाय काळा पडला आणि त्या बंद झाल्या.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. वेचलेला कापूस ओसरीतच पडून, आणि शुगरनं थकलेली आई त्या ढिगाला टेकून बसायची. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. मी आईला सांगितलं, "पायाची सफाई करणार आहेत." कागदावर तिचा अंगठा हवा होता. सोबत मोठं माणूस असावं म्हणून मीच सरांना बोलावून घेतलं. तीच माझी चूक, असं मला तासाभरानं वाटलं.

सरांनी कागद दोनदा वाचला आणि खाटेजवळ गेले. "आई, काय करून राह्यले तुमच्या पायाले?"

"सफाई म्हणते पोरगा."

सरांनी मला व्हरांड्यात नेलं.

"सर, तिला कळलं तर ती हाय खाईल!"

"पाय कोणाचा आहे?"

"तुमचा तर नाही ना?" मी ओरडलोच.

"माहा नाही. तुमचाही नाही. तुम्ही सांगा, मी बाजूले बसतो."

मी सांगितलं. कसं सांगितलं, ते आठवत नाही. आई बराच वेळ पायाकडे बघत राहिली. मग सरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "म्हणजे पाय जाईन, मी राहीन." आणि थोड्या वेळानं, "मंग मले एकडाव वावरात जाऊ द्या. माह्या पायानं."

डॉक्टरांनी कुरकुरत एक दिवस दिला.

पाय घट्ट बांधून, माझ्या खांद्याला धरून आई पऱ्हाटीच्या एका ओळीतून चालली. मग मला बाजूला सारून थांबत थांबत एकटीच कापूस वेचू लागली. ओटी भरत होती. दुखत असणारच, पण चेहऱ्यावर दिसत नव्हतं. सरही सोबत आले होते; मी बांधावर त्यांच्याजवळ येऊन उभा राहिलो. माफी मागायची होती.

सर चष्मा पुसत होते. "आमच्या सुशीलेले मी पित्त आहे म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत. मारेगावले माहेरी जाऊ म्हणे रोज. मी म्हणो, बरी झाली की जाऊ."

सरांनी चष्मा परत चढवला.

"प्रबंध तवाच लिहून राह्यलो होतो."

आई ओळीच्या टोकाला पोचली होती. तिनं वाकलेली कमर सरळ केली आणि हात पुढे केला. "चला सर, थकली मी आता."

सरांनी तो हात धरला. काही विचारलं नाही.