हरिसिंगकाकांचं बोट

"हरिसिंगकाका, टेस्टर खिशात असून तुमी लाइन बोटानं काहून पायता?"

सुचितानं विचारलं आणि लगेच दोन पावलं मागं सरकली. खिडकीबाहेर तिची मैत्रीण हेमला तोंडावर ओढणी दाबून उभी होती. पैज तिनंच लावली होती. रिठद गावात हरिसिंग वायरमनला असा प्रश्न कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याच्या घरची लाइन गेली की काका आठ दिवस "येतो, येतो" म्हणत आणि घरातले मेणबत्त्या लावत. सुचितानं विचारलं नसतं किंवा विचारून माघार घेतली असती, तर तिला आठवडाभर हेमलाचं दप्तर शाळेपर्यंत वाहावं लागणार होतं. दहावीतल्या हेमलाचं दप्तर म्हणजे अर्धं सोयाबीनचं पोतंच.

काका स्टुलावर उभे होते. त्यांनी सावकाश खाली पाहिलं.

"पोरी, टेस्टर खोटं बोलू शकते. बोट नाई बोलत." त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट सगळ्यांना दाखवलं. "वीस वर्षं झाली. उलटं बोट लावाचं. लाइन असली तं झटका देऊन ते सोताच मागं येते."

"अन् नाई आलं तं?"

"तं मंग तुले उत्तर द्याले मी राह्यतो थोडाच?"

बाहेर हेमला खुदकन हसली. सुचिताला मात्र हसू आलं नाही. शाळेत नुकतीच वीज-सुरक्षेचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथं सरांनी सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: मेन बंद करा आणि तरीही टेस्टरनं पाहा. प्रत्येक वेळी पाहा. शिबिरानंतर तिनं वाशीमच्या बाजारातून स्वतःचा टेस्टर आणला होता आणि तेव्हापासून तो पेनासारखा कंपासपेटीत घालून फिरत होती.

आज घरात दोन नव्या लाइन ओढायच्या होत्या. एक गिझरची, दुसरी आईच्या मशीनची. सुचिताची आई साधनाबाई बचत गटातर्फे हळद-मिरची दळायची मशीन सुरू करणार होती. मशीन घरात येऊन बसली होती. उद्या सकाळी गटातल्या पंधरा बाया नारळ फोडायला येणार होत्या. म्हणून मेनच्या डब्यातल्या दोन रिकाम्या जागांवर आज संध्याकाळपर्यंत नव्या एमसीबी, म्हणजे खटके, बसायलाच हव्या होत्या.

"असं करू," हरिसिंगकाका म्हणाले. "तू टेस्टरनं पाय, मी बोटानं पायतो. कोण खरं, ते समजूनच जाईन."

सुचितानं आधी चालू प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला. लाल दिवा लागला. म्हणजे टेस्टर धड होता. मग काकांनी सगळ्यांना कामाला लावलं. फ्रिजची पिन काढा. टीव्हीची काढा. पंखे, दिवे बंद करा. साधनाबाईंचा टीव्ही सकाळपासून भजनं गात होता, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या वांग्याच्या वाफ्यातही ऐकू जावीत. तो एकदम मुका झाला. काकांनी मेन खाली पाडला. टेस्टर लागला नाही. बोटही झटकलं गेलं नाही.

"बरोबरी," सुचिता म्हणाली.

"बोटाले दिवा लागत नाई. मी पुढं," काका म्हणाले आणि झाकण उघडून कामाला लागले.

अर्ध्या तासानं साधनाबाईंनी चहा आणला. काका ओसरीवर बसून चहा प्यायले. दौलतरावांशी, म्हणजे सुचिताच्या बाबांशी, टोमॅटोच्या भावावर बोलले. तेवढ्यात उद्याच्या पाहुण्यांसाठी म्हणून साधनाबाईंनी पुढची खोली ओल्या फडक्यानं पुसून काढली. काका आत आले, चपला दारात काढल्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून एका हातानं लोखंडी डबा धरला. दुसरा हात आतल्या तांब्याच्या पट्टीकडे निघाला.

"काका, थांबा! पुन्हा पाहू द्या."

"आत्ताच तं पायलं ना!"

"ते चहाच्या पयले."

"चहा पेल्यानं लाइन येत असते का, गं?"

ओसरीवरून दौलतराव ओरडले, "सुचे, काम करू दे त्याले! उद्या बाया येऊन राह्यल्या!"

सुचिताचा चेहरा लाल झाला. पण खिडकीत हेमला होती. हात बाजूला घेतला तर दप्तर नक्की होतं. तिनं काकांच्या काखेखालून हात घातला आणि टेस्टरचं टोक पट्टीला टेकवलं.

टेस्टर लागला.

लाल, लख्ख. मेनचा खटका खाली पडलेला होता. तरीही.

"बिघडला तुया टेस्टर," काका म्हणाले. "सरक. बोट लावतो."

सुचिता डब्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"बोट लावाचं असन तं पयले मले हटवा! पायाखाली पाणी हाये, काका! पाय पाहा तुमचे!"

काकांनी पाय पाहिले. फरशी चमकत होती. पिशवीतून त्यांनी होल्डरला लावलेला बल्ब काढला. त्याची एक तार न्यूट्रलला अडकवली आणि दुसरी सांभाळून पट्टीला लावली. बल्ब भक्कन पेटला.

हरिसिंगकाका स्टुलावर उभे राहायचे ते स्टुलावर बसले. उजव्या हाताचं बोट त्यांनी डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. बोट जागेवर होतं.

दौलतराव धावत आले. "मेन बंद अन् लाइन चालू? अशी कशी?"

"दादा, इन्व्हर्टर हाय का घरात?"

"नाई बा."

"सोलर?"

"कायचं सोलर!"

"मंग कुठून येऊन राह्यली?" काकांचा आवाज बारीक झाला. "वीस वर्षांत असं पायलं नाई मी."

सुचितानं लाकडी फूटपट्टीनं एकेक खटका खाली पाडला आणि दर वेळी टेस्टर लावला. हॉलचा पाडला, लाल. बेडरूमचा पाडला, लाल. स्वयंपाकघराचा पाडला आणि टेस्टर विझला.

"स्वयंपाकघरातून येऊन राह्यली," ती म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी साधनाबाईंच्या हातून चहाची बशी पडली.

"काय झालं वं?" दौलतरावांनी विचारलं.

"काई नाई. बशी ओली होती." साधनाबाई मागच्या दाराकडे निघाल्या. "मी जरा दोडके तोडून आणते."

"आता? दोडके?"

फ्रिज ओढला, तर मागं लपलेल्या दुसऱ्या प्लगमधून एक करडी वायर निघालेली दिसली. ती खिडकीतून बाहेर गेली होती आणि दोडक्याच्या वेलाबरोबर कुंपणाच्या भिंतीवर चढली होती. भिंतीपलीकडे चंपतरावांचं घर होतं. चंपतराव म्हणजे दौलतरावांचे सख्खे मोठे भाऊ. एका फवारणी पंपावरून दोघं भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात समोरासमोर आले, तर पंगत बदलत.

"माह्या घरात त्याची वायर!" दौलतरावांनी वेल उपसायला सुरुवात केली. पानं, फुलं, कोवळे दोडके सगळं खाली येऊ लागलं. वायर पुढं पुढं सापडत गेली. मध्येच एका जागी तिच्यावर कॅरीबॅगचा तुकडा गुंडाळलेला होता. दौलतरावांचा हात तिकडे वळला.

"बाबा, हात नका लावू!" सुचिता किंचाळली.

तिचा आवाज पोचायच्या आत भिंतीपलीकडून दुसरा आवाज आला.

"दौलत्या, हात काढ! जोड उघडा हाये तिथं!"

दौलतरावांचा हात हवेतच थांबला. भिंतीवर चंपतरावांचं डोकं दिसत होतं. त्यांच्या शेजारी मोठी आई कस्तुराबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

"वायर धरू नको, सोड!" चंपतराव पुन्हा ओरडले आणि बायकोला म्हणाले, "तू पयले बटन बंद कर!"

कस्तुराबाई पळाल्या. सुचितानं वेलाजवळ उकिडवं बसून टेस्टर लावला. विझलेला. दोन वेळा लावला.

"तुले मालूम होतं?" दौलतरावांनी भावाला विचारलं.

"जोड मीच मारला ना गड्या."

"मालूम नव्हतं ते फक्त मले?"

साधनाबाई हातात एकही दोडका नसताना दोडके मोजत होत्या. शेवटी कस्तुराबाईंनीच भिंतीवरून सांगितलं.

"भाऊजी, दोन्ही घरांचे फेज येगळे. तुमच्याकडचा गेला की आमच्याकडचा राह्यते. म्हणून मी अन् साधनानं ही वायर टाकली. हिचा टीव्ही बंद पडला का मी समजते लाइन गेली, अन् मी बटन दाबते. तोवर साधनानं मेन पाडलेला असते. आज मी वांगे तोडत होती अन् टीव्ही एकदम बंद झाला. मले वाटलं लाइनच गेली. तोडणं आटपून घरात आली, अन् माहा हात तं सवयीनंच गेला, बाप्पा."

हरिसिंगकाका मागच्या दारात उभे होते. "म्हणजे टीव्हीची पिन काढाले मीच सांगतलं," ते हळूच म्हणाले, "अन् मरणबी मीच बोलावलं."

त्यानंतर ती वायर काढली. दोन्ही टोकं, मधला जोड, सगळं. हरिसिंगकाकांनी नव्या एमसीबी बसवल्या, मशीनला जाड तार आणि वेगळी अर्थिंग दिली. प्रत्येक पट्टीला हात लावण्याआधी ते हात मागं करत आणि सुचिता त्यात टेस्टर ठेवत असे. बोट त्यांनी खिशातच ठेवलं. दोघं भाऊ ओसरीवर बसून राहिले. बोलत नव्हते, पण पंगतही बदलली नव्हती.

दिवेलागणीला मेन वर गेला. मशीन घरघरली. टीव्ही भजन म्हणू लागला. हेमला खिडकीतून ओरडली, "जितली गं तू!" आणि स्वतःचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर टाकून निघाली.

दौलतराव घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, वायर नवी आणून धड जोड मारला तं..."

"हो," चंपतराव लगेच म्हणाले. "या वेळेस चांगली जाड आणू."

तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं. साधनाबाईंचे डोळे भरून आले.

सुचितानं पेटीचं छोटं कुलूप आणलं, डब्याच्या कडीत अडकवलं आणि चावी कंपासपेटीत टेस्टरशेजारी टाकली.

"आई, बाबा, मी ठरवलं हाये. आजपासून या डब्याची चाबी माह्यापाशी राहीन. या दोन घरांच्या मधात आता वायर जाणार नाई. लाइन गेली तं ज्या घरी उजेड असन तिथं जाऊन बसाचं, पण पयले भिंतीपाशी जायचं अन् तोंडानं आवाज द्याचा."

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहू लागले.

"अन् बाबा, तुमी सोता द्याचा."