गॅरेजमधला काटेरी हलवा

"हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानलंच कोणी तर मला त्याची काळजी वाटेल," असं म्हणून चंदूकाकांनी बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढून सगळ्यांना आतून दाखवला.

२००५ सालची संक्रांत. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी सेंटरमध्ये रविवारचं हळदीकुंकू सुरू व्हायचं होतं. मधल्या खुर्चीवर काळी साडी नेसून सारा बसली होती. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत, म्हणून आज तिला हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं होतं, आणि गळा, कान, मनगटं सगळं मोकळं होतं. तिच्या सासूबाई कल्याणीताईंनी लेस्टरपासून पुण्यापर्यंत निम्म्या नातलगांना फोटो पाठवायचं कबूल केलं होतं. दागिने त्या पुण्याहूनच मागवणार होत्या. पण त्यांच्या या धाकट्या दिराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की हलव्याच्या काट्याला थंडी लागते, थंडीत आपलं मिल्टन कीन्स पुण्याच्या बापाला ऐकणार नाही, तेव्हा हलवाही मीच करतो आणि दागिनेही मीच ओवतो.

"भाऊजी, दागिने कुठे आहेत?" कल्याणीताईंनी अगदी शांतपणे विचारलं. त्या शांत झाल्या की त्यांचा मुलगा, साराचा नवरा नकुल आपली खुर्ची जरा मागे घेत असे. आत्ताही त्याने घेतली.

"तेच सांगतोय, वहिनी."

सोमवारी काकांनी गॅरेजमध्ये कॅम्पिंगचा स्टोव्ह मांडला, त्यावर परात, परातीत तीळ, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलवायला बसले. बाहेर धुकं इतकं, की समोरचा लाल पोस्टाचा डबासुद्धा दिसेना. काकांच्या आईला काटा आणायला पाच दिवस लागायचे. इथे पहिल्याच दुपारी तिळातिळाला काटा फुटला. काका खूश होऊन चहा घ्यायला घरात गेले. परत आले, तर काटे दुप्पट लांब झाले होते. स्टोव्ह बंद होता, आणि भांड्यातला पाक निम्म्यावर आला होता.

"कोणी ढवळलं नव्हतं," काकांनी आवाज खाली आणला. "घरात मी एकटा."

मंगळवारी शेजारच्या डोरीनबाईंनी कुंपणावरून चौकशी केली, की तुमच्या गॅरेजमध्ये खडीवरून कोण चालतंय. काकांच्या गॅरेजमध्ये खडी नव्हती. त्यांनी दाराला कान लावला. आत कोणीतरी पाय ओढत, सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होतं. दार उघडताच आवाज थांबला. हलवा होता तिथेच होता. फक्त सगळे काटे दाराकडे वळले होते. काका डावीकडे सरकले. काटेही डावीकडे वळले.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हातातला तिळगूळ हळूच ताटात परत ठेवला.

"काका, फोटो काढला का?" नकुलने विचारलं.

"काढला. फोटोत परात आली. हलवा नाही आला."

बुधवारी काकांनी धीर करून काळ्या दोऱ्यात दागिने ओवले आणि हार एका उशीवर मांडून ठेवला. गुरुवारी सकाळी पाहतात, तर उशीला कंबर आली होती. हार तिच्याभोवती दोन वेढे घेऊन आवळून बसला होता. त्याच दिवशी स्वयंपाकघरात साखरेची नवी पिशवी सापडली, चिकटवलेली होती तशीच, आणि आतून पूर्ण रिकामी.

साडेतीन वाजले होते आणि खिडक्यांबाहेर अंधारून यायला लागलं होतं. कोणीतरी उठून दिवे लावले. कोपऱ्यातला एक दिवा दोनदा लुकलुकला, तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांना हे अपेक्षितच होतं.

आज निघताना त्यांनी दागिने या डब्यात भरले, वर सेलोटेपचे चार फेरे दिले आणि डबा डिकीत ठेवला. घरापासून हॉलपर्यंत नऊ राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. पहिल्यावर डिकीत खडी वाजली. चौथ्यावर मागच्या सीटवर वाजली. आठव्यावर काकांच्या खुर्चीच्या पाठीमागे. नवव्यावर त्यांच्या मानेला काहीतरी टोचलं, अगदी हलकेच, चाखून पाहिल्यासारखं. गाडी थांबवून त्यांनी डिकी उघडली. सेलोटेप जशीच्या तशी. डबा रिकामा.

"वहिनी, ते हिच्या गळ्यात घालायचं होतं," काका साराकडे बोट दाखवून म्हणाले. "गेलं ते चांगलं झालं."

कल्याणीताईंचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. मागून एक बाई "वाचली गं पोर" असंही पुटपुटली, आणि काकांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

तेवढ्यात साराने वर्गात करतात तसा हात वर केला.

"काका, एक विचारू? काल रात्री आम्ही तुमच्याकडे राहिलो ना. सकाळी मी अंघोळ केला, then बॉयलरच्या वर ते कपाट आहे ना, तिथून टॉवेल घेतला. तो एकदम कडक होता. And sticky. त्याच्यात काळा दोरा होता आणि loads of तीळ."

काका झाकण लावतच राहिले. ते बसेना.

"आई म्हणाल्या होत्या, संक्रांतीला तीळ लावतात अंगाला," सारा सासूबाईंकडे वळून म्हणाली. "मला वाटलं साखर पण लावत असतील. म्हणून मी पुन्हा धुतलं नाही. It's all still on."

कल्याणीताईंनी सुनेचा हात दिव्याखाली धरला. मनगटापासून कोपरापर्यंत साखरेचा पातळ थर चमकत होता, आणि त्यात जागोजाग तीळ बसले होते.

"धडधडीत खोटं बोलताय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दागिने सुकायला बॉयलरवर ठेवलेत आणि वितळवलेत तुम्ही. नकुल, कॅमेरा आण. जवळून काढ."