झेरमोलला जाऊन आलेली माणसं

युरोपात पाऊल न ठेवता युरोपाविषयी कधीही चुकायचं नाही, हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. कोडेकरांना ते जमलं होतं. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं.

कोडेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत ते मुद्रितं तपासत आणि रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं अकरा वर्षं तेच रचत, म्हणून कचेरीने त्यांना हे आडनाव बहाल केलं होतं. पगारवाढ द्यायची नसली की कचेऱ्या अशी नावं देतात. पण कोडेकर त्यावर खूश होते. कुठल्या नदीकाठी कुठलं शहर, कुठल्या शहरात कुठला चित्रकार उपाशी राहिला, सगळं त्यांना तोंडपाठ. ‘डोळे बांधून तिकडे सोडा मला, बरोबर हॉटेलवर येईन,’ असं ते कँटीनमध्ये सांगत. डोळे उघडे ठेवूनही त्यांना तिकडे कोणी सोडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी मात्र त्यांनी व्हिएन्ना शहर उचलून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन ठेवलं होतं. एक्केचाळीस पत्रं आली. तेव्हा संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

“कोडेकर, आणखी एक चूक झाली, तर कोडं कॉम्प्युटरकडून करून घेऊ. तो चहाही पीत नाही.”

त्या दिवसापासून कोडेकर प्रत्येक शब्द तीन ठिकाणी तपासत. मुद्रितं कोणीही तपासतं. कोडं तेवढं त्यांचं होतं. ते गेलं असतं तर माणसात उरलं असतं काय?

अशात एका पर्यटन कंपनीने बक्षिसाचं ‘युरोप विशेष’ कोडं पुरस्कृत केलं. सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्याला दोघांची युरोप सहल. कोडेकरांनी आठवडाभर जीव ओतला. गुरुवारी चारला पान छपाईला जायचं होतं आणि तीनला खालचा उजवा कोपरा अडला. चार घरं, दुसऱ्यात ‘र’, चौथ्यात ‘ल’. युरोपातली सगळी गावं, नद्या, राण्या आणि चीजचे प्रकार लावून झाले. एकही बसेना. कोपरा मोडायचा तर निम्मं कोडं मोडावं लागलं असतं.

पावणेचारला कोडेकरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ‘झेरमोल’ लिहिलं. खाली सूचकही दिलं: ‘आल्प्सच्या कुशीतलं निसर्गरम्य गाव.’ आल्प्सला इतक्या कुशी आहेत, एखादं गाव जास्त झालं तर कोण मोजायला जातंय?

संपादकांनी पान पाहिलं. कोपऱ्यावर बोट थांबलं. कोडेकरांचा श्वासही थांबला.

“झेरमोल,” संपादक म्हणाले. “छान आहे म्हणतात. माझ्या मुलीची मैत्रीण राहून आली.”

कोडेकरांनी मान डोलावली. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली मोठी चूक. खरं तर दुसरी, पण व्हिएन्ना ते मोजत नसत.

सहाशे बारा उत्तरं आली. कोडेकर निश्चिंत होते; नसलेलं गाव कोण ओळखणार? बक्षीस कोणालाच मिळणार नाही, प्रकरण तिथेच मिटेल. पुढच्या शनिवारी कंपनीच्या मॅनेजरसमोर पाकिटं फोडली. सहाशे अकरा जणांनी त्या चार घरांत काहीबाही कोंबलं होतं. आणि एकाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, झेरमोल.

खाली नाव पाहून कोडेकर खुर्चीतच खचले. विजेता त्यांचा साडू होता.

या साडूविषयी सांगायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी तो चौदा दिवस युरोपात जाऊन आला, आणि तेव्हापासून त्याने दुसऱ्या विषयावर तोंड उघडलेलं नाही. कचेरीतल्यांची मुलं, बायको, भाऊ यांना स्पर्धेत बंदी होती. पण साडू कुठल्याच नियमावलीत बसत नाही. तो सोफ्यावर मात्र नेमका बसतो.

घरी आल्या आल्या कोडेकरांनी बायकोला विचारलं, “झेरमोलचं कोणाला बोललीस?”

“मी कशाला बोलू? तुमचा कोड्याचा कागद टेबलावर होता. ताईला फोनवर सहज विचारलं, की तुम्ही गेला होतात का गं तिथे? भाऊजी मागूनच म्हणाले, दोन रात्री होतो.” मग ती थांबली. “त्यांना बक्षीस लागलं? त्यांनाच?”

त्या ‘त्यांनाच’मध्ये अकरा वर्षांचा संसार होता. कोडेकरांना ते लागलं.

रविवारी साडू पेढ्यांऐवजी फोटोंचा आल्बम घेऊन आला आणि सोफ्यावर पसरला. “काय सांगू साडूभाऊ, झेरमोल म्हणजे झेरमोल. सकाळी खिडकी उघडली की ढग घरात.”

कोडेकरांची जीभ वळवळत होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि हा माणूस सोफ्यावरून कायमचा उठला असता. पण त्याच वाक्याने कोडंही उठलं असतं.

“स्टेशनपासून किती लांब आहे हो?” त्यांनी सापळा लावला.

“स्टेशन?” साडू कीव आल्यासारखा हसला. “स्टेशन नाही, हीच तर त्याची गंमत. पण कोड्यासाठी पुस्तकं वाचणाऱ्याला हे कसं कळणार?”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. “सर, विजेते म्हणतात, झेरमोल दाखवलंच पाहिजे. तसं आमचे लोक नेहमीच जातात तिथे. फक्त नक्की कुठल्या बाजूने जायचं, तेवढं सांगा.”

“डोंगराच्या,” कोडेकर म्हणाले. “ड्रायव्हरला माहीत असतं.”

“बरोबर,” मॅनेजर म्हणाला. “आम्हीही तेच म्हणत होतो.”

साडू आणि ताई गेली, महिन्याभराने परतली. पहिल्याच संध्याकाळी सोफा भरला. कोडेकर जीव मुठीत धरून समोर बसले. गाव सापडलं नाही म्हणून कंपनी रागावली असेल, संपादकांकडे गेली असेल, उद्या कोडं कॉम्प्युटरकडे जाईल, असं सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं.

“झेरमोल पाहिलंत?” बायकोनेच विचारलं.

“न्यायला लावलंच मी,” साडू म्हणाला. “बस एका गावाबाहेर पंधरा मिनिटं थांबवली. म्हणाले, हेच. पण खरं सांगू, मागच्या वेळेसारखं राहिलं नाही आता. फार बाजारी झालंय.”

कोडं वाचलं. कोडेकरांनी इतका मोठा श्वास सोडला की ताईने पंखा वाढवला. “हो, मलाही तसंच कळलं होतं,” ते म्हणाले, आणि आपण हे म्हणालो याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर बायको आवराआवर करता करता थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं.

“अहो, दुसरं काही नको मला. ते झेरमोल पुरतं बिघडायच्या आत एकदा दोघं जाऊन येऊ या?”

पॅरिसला न जाण्याचं कारण त्यांनी गुडघा सांगितलं होतं, रोमला न जाण्याचं रजा. सगळी कारणं रचलेली. आता एकाच गावाला न जाण्याचं खरंखुरं कारण त्यांच्याकडे होतं, आणि नेमकं तेवढंच सांगता येत नव्हतं.

“जाऊ की,” कोडेकर म्हणाले. “पुढच्या वर्षी नक्की.”