मेपलचा पाक आणि राष्ट्राध्यक्षपद

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या टॅनर्स नॉच गावच्या मतदारांचं अजून काहीच ठरलेलं नाही, ही बाब अमेरिकेने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना मतदान घेऊन निवडतात, आणि त्यातली पहिली प्राथमिक निवडणूक न्यू हॅम्पशायरमध्येच व्हावी, असा न्यू हॅम्पशायरचाच कायदा होता. आणि गावातल्या मर्टल प्लूर्डबाई ‘अनिर्णित’ या प्रवर्गात मोडत होत्या. मत ठरलेल्या माणसाच्या दारातला बर्फ कोणी उमेदवार उपसत नाही, हे बाई अनुभवाने शिकल्या होत्या. यंदा तो दोन सिनेटरांनी आणि एका माजी मंत्र्याने उपसला. मंत्र्याने पायरीजवळचा कोपरा सोडला, म्हणून बाईंनी त्याला परत बोलावून घेतलं.

अशात न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा, डोरीनचा फोन आला. तिचा नवरा वॉल्ट अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता आणि त्याचं करायला तिने नोकरी सोडली होती.

“ताई, गव्हर्नर प्रुइटला मत दे गं. घरातलं आजारी माणूस सांभाळणाऱ्याला सरकारनं पगार द्यावा, असं तोच एकटा म्हणतोय. आमचा तेवढाच आधार आहे.”

“अगं, पण मी त्याला दोनदाच भेटलेय. दोन भेटींत माणूस कळतो का?”

“मी तर त्याला फक्त टीव्हीवर पाहिलाय!”

“म्हणून तर तुमचं मतदान जूनमध्ये ठेवलंय,” बाई समजुतीने म्हणाल्या.

तिसरी भेट चर्चच्या तळघरात, पॅनकेकच्या न्याहारीला झाली. प्रुइटने आपली योजना खर्चाच्या हिशेबासकट इतकी नीट समजावली, की वॉल्टच्या आठवणीने बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या झाडांचा मेपलचा पाक त्याच्या ताटलीवर धरला.

“नको, माफ करा,” गव्हर्नर म्हणाला. “मला साखरेचा त्रास आहे.”

तळघरातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

“पाक नको म्हणाला?” खिळे-पत्र्यांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्विलने विचारलं.

“साखर आहे म्हणे त्याला.”

“मलाही आहे! म्हणून मी कधी नाही म्हणालो का? उद्या परराष्ट्रांपुढे हा माणूस काय टिकणार?”

मग सिनेटर हॅस्कम आला. त्याने पाक कपात ओतून घेतला, प्यायला आणि वर ताटली बोटाने निपटली. आजाऱ्यांच्या प्रश्नाकडे आपण खुल्या मनाने पाहू, असं तो म्हणाला, म्हणजे काहीच म्हणाला नाही. पण बाईंचं तिथेच ठरलं.

न्यू हॅम्पशायरच्या मतदानात प्रुइट थोडक्या मतांनी तिसरा आला. तो दुसरा येईल असं तज्ज्ञांनीच भाकीत केलेलं असल्यामुळे त्याचा दारुण पराभव झाला, असं तज्ज्ञांनी सांगितलं. मग देणगीदारांनी त्याचे फोन घेणं बंद केलं. आठवड्याभरात त्याने बायकोमुलांना शेजारी उभं करून माघार घेतली. पुढे बाकीचेही एकेक करून गळाले. बहुतेक देशाने अजून मतपत्रिका पाहिलीही नव्हती, पण जनतेने कौल दिल्याचं पक्षाने जाहीर केलं.

जूनमध्ये बाईंनी आपणहून फोन लावला. “काय गं, दिलंस का मत?”

“नाही गेले, ताई. रिंगणात एकटा हॅस्कम उरलाय, निवडायचं काय? आणि वॉल्टजवळ बसायला कोणी नव्हतं.”

“हीच तुम्हा लोकांची बेफिकिरी! आम्ही इथे गोठवणाऱ्या थंडीत रांगा लावतो. जो मत देत नाही, त्याला तक्रार करायचा हक्क नाही, लक्षात ठेव!”

आतून वॉल्टची हाक आली आणि डोरीनने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतल्या घसरलेल्या मतदानावर वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. त्यांतही शेवटी हेच वाक्य होतं. सुजाण नागरिकांनी चहा-कॉफीचे घोट घेत माना डोलावल्या. तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. फक्त गेल्या निवडणुकीत हे वाक्य तुम्ही कुणाला सुनावलं होतंत, आणि त्या दिवशी त्याच्या घरात काय चाललं होतं हे विचारलं होतंत का, तेवढं आठवून बघा.